आम्ही आणि आपण : राष्ट्राचें संकट व मराठी ख्रिस्ती लेखक

मराठीच्या व्याकरणांत एक लहानशी सोय आहे. तिचा उपयोग आपण रोज करतों, पण तिच्याकडे लक्ष क्वचितच देतों. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठीं आपल्याजवळ दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटलें म्हणजे ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलें म्हणजे तो आंत येतो. दारीं आलेल्या मनुष्याला 'आम्ही आतां जेवायला बसतों' असें म्हटलें तर तो निरोप घेतो. 'आपण आतां जेवायला बसूं' असें म्हटलें तर तो पाय धुवावयास जातो. संस्कृतांत हा भेद नाहीं, इंग्रजींतही नाहीं. द्राविडी भाषांत तो जुना आहे, आणि त्यांच्या शेजारानेंच तो मराठींत आला असावा असें भाषाशास्त्रज्ञांचें मत आहे.

प्रस्तुत लेखांत या भेदाचा उपयोग एका वाङ्मयाच्या परीक्षणासाठीं करावयाचा आहे. देशावर दुष्काळ, सांथ, दंगा किंवा जुलूम यांपैकीं एखादें संकट आलें असतां ख्रिस्ती मनुष्यानें आपल्या श्रद्धेशीं प्रामाणिक राहून काय करावें, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती लेखकांपुढें पावणेदोनशें वर्षें उभा आहे. त्यांची स्थिति अवघड होती. देशबांधव त्यांना राज्यकर्त्यांचे हस्तक समजत, आणि मिशनऱ्यांपैकीं कित्येकांना हे लोक अजून पुरते बदललेले नाहींत अशी शंका येई. अशा दुहेरी संशयाखालीं ज्यांनीं लिहिलें, त्यांच्या लेखनाची परीक्षा नुसत्या सहानुभूतीनें होणार नाहीं व नुसत्या संशयानेंही होणार नाहीं.

या प्रश्नाची चर्चा बहुधा प्रमाणपत्रांच्या मार्गानें चालते. ख्रिस्ती समाजांतील किती जणांनीं देशकार्य केलें, कोण कोणत्या चळवळींत होता, याची यादी एका बाजूनें सादर होते; दुसरी बाजू परदेशी पैशाचा आणि परक्या राज्याच्या आश्रयाचा पाढा वाचते. यादी करणारा व पाढा वाचणारा हे दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात. ती ही कीं, राष्ट्र नदीच्या एका तीरावर आहे, ख्रिस्ती मनुष्य दुसऱ्या तीरावर आहे, आणि पोहून यावयाचें तें त्यानें. वाङ्मयाच्या अभ्यासकाला याहून बरा मार्ग मोकळा आहे. लेखकानें आपली देशनिष्ठा किती मोठ्यानें सांगितली हें न पाहतां, संकटाविषयीं लिहितांना त्याची वृत्ति 'तुम्ही'ची होती, 'आम्ही'ची होती कीं 'आपण'ची होती, हें त्यानें पाहावें. हें काम शब्द मोजण्याचें नव्हे. सगळीकडे 'आपण' लिहूनही दूर उभा राहणारा लेखक असतो, आणि हा शब्द एकदांही न वापरतां वाचकाला पंक्तीला बसविणारा लेखकही असतो.

हा प्रश्न छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे जुन्या औरंगाबादेंत, बसून विचारण्याला विशेष कारण आहे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पुण्यामुंबईच्या ख्रिस्ती मनुष्याला 'तुझा धर्म राज्यकर्त्यांचा धर्म' असें हिणवितां येत असे. येथें तेंही म्हणतां येत नव्हतें. येथें राज्यकर्ता मुसलमान, प्रजा बहुसंख्य हिंदु, छावणी इंग्रजांची, आणि ख्रिस्ती समाज मूठभर व गरीब. म्हणून धर्मनिष्ठेचा व देशनिष्ठेचा संबंध येथें अधिक उघडा दिसतो. त्याचें पहिलें मोठें उदाहरण जालन्याचें आहे. जालना १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यांतच मोडत असे.

नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण गृहस्थ १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण वयांत मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयानें त्याला बापाच्या स्वाधीन केलें, आणि मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनीं मुलाला परत घेण्याचा पक्ष उचलला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. घराचें दार लहान मुलावरसुद्धां कसें बंद होतें, हें नारायणरावांनीं याप्रमाणें घरांतच पाहिलें होतें. पुढें स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक म्हणून ते जालन्यास आले, आणि निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनीं 'बेथेल' नांवाचें गांव वसविलें. 'बेथेल' म्हणजे हिब्रू भाषेंत देवाचें घर. मुसलमान दिवाणाची जमीन, स्कॉटिश चर्चचा आधार, ब्राह्मण कुळांतील पाळक, आणि राहणारे बहुतांशीं मांग व महार समाजांतील नवे ख्रिस्ती, असा तो योग होता.

बेथेल हा ग्रंथ नव्हे, पण त्याचें परीक्षण ग्रंथाप्रमाणेंच करतां येतें. जुन्या गांवांत ज्याला विहिरीवर पाणी नव्हतें, त्याला नव्या गांवांत विहीर मिळाली. शेत, शाळा आणि मान वर करून चालण्याची वाट मिळाली. त्या काळीं हें थोडें नव्हतें, आणि वाड्यांत बसून त्याला पळपुटेपणा म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तरीही एक उणीव राहतेच. नवी विहीर खणली, पण जुनी विहीर जशी होती तशीच राहिली. बेथेल हें 'आम्हीं'चें गांव होतें. संकटांतून बाहेर काढलेल्यांना तें आसरा देई. ज्यांनीं त्यांना बाहेर ठेवलें होतें त्यांच्याशीं मात्र त्याचें बोलणें अपुरें राहिलें. पुढील मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास म्हणजे हें अपुरें बोलणें पुरें करण्याचा इतिहास होय, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या वाङ्मयाचा आरंभ 'तुम्ही'नें झाला. बाबा पदमनजी १८५४ सालीं ख्रिस्ती झाले, आणि १८५७ सालीं त्यांचें 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालें. मराठी कादंबरीच्या इतिहासांत त्याचा मान पहिल्या पुस्तकांत आहे. ज्या वर्षीं उत्तरेंत बंडाचा वणवा पेटला त्याच वर्षीं या ग्रंथकारानें घरोघरच्या विधवांचें जळणें लिहिलें. राष्ट्रावरील संकट नेहमीं तोफेच्या आवाजानेंच येतें असें नाहीं, हें त्याला दिसलें होतें. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि वाटेंत एकामागून एक विधवांच्या कहाण्या ऐकते. ही दृष्टि थोर आहे. पण कथेची घडण प्रवाशाची आहे. प्रवासी पाहतो, हळहळतो आणि पुढें जातो. अखेर यमुना ख्रिस्ती होते, आणि कथेपुरता प्रश्न सुटतो. जिच्या कहाण्यांनीं पुस्तक भरलें त्या इतर स्त्रियांचें काय, याचें उत्तर पुस्तकाजवळ नाहीं. समाजाची व्याधि वर्णन करावी आणि त्यावर एका व्यक्तीच्या सुटकेची मात्रा द्यावी, हा दोष केवळ पदमनजींचा नव्हे. त्या काळच्या बहुतेक उपदेशपर लेखनाचा तो दोष आहे. 'तुम्ही असे आहां' हें वाक्य कितीही खरें असलें तरी तें ऐकणाऱ्याला दारांतच उभें ठेवतें.

यापूर्वीं दोन वर्षें, १८५५ सालीं, 'ज्ञानोदय' पत्रांत एक निबंध दोन अंकांतून आला होता. 'ज्ञानोदय' हें १८४२ पासून अहमदनगरास निघालेलें अमेरिकन मिशनचें पत्र. निबंधाची लेखिका मुक्ताबाई ही जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंतील, सुमारें चौदा वर्षांची मांग मुलगी. मांगमहारांच्या दुःखाविषयीं लिहितांना ती 'आम्ही' म्हणते, आणि ज्यांनीं तें दुःख दिलें त्यांना जाब विचारते. मुक्ताबाई ख्रिस्ती नव्हती. असें असतां तिचा निबंध येथें घ्यावयाचा तो दोन कारणांसाठीं. पहिलें कारण असें कीं, राष्ट्राच्या दुखण्यांत ख्रिस्ती पत्रानें काय करावें, याचें एक निर्मळ उदाहरण 'ज्ञानोदया'नें त्या दिवशीं घालून दिलें. ज्याला इतरत्र जागा नव्हती त्या आवाजाला त्यानें आपले रकाने दिले. संपादकाच्या साऱ्या उपदेशापेक्षां ही जागा देणें अधिक मोलाचें ठरलें.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. मुक्ताबाईच्या 'आम्ही'ला उणें म्हणतां येत नाहीं. जिला विहिरीवरून, रस्त्यावरून आणि शाळेंतून बाजूला केलें, तिनें 'आपण' म्हणावें अशी अपेक्षा करणें म्हणजे ढकललेल्या मनुष्यालाच पडल्याबद्दल क्षमा मागावयास लावणें होय. 'आपण' हा शब्द उच्चारण्याचें पहिलें ऋण ज्याच्या हातीं दार आहे त्याच्यावर आहे. आजच्या टीकाकारानें हें विसरूं नये. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ सालीं शिखांचा व १९९० सालीं बौद्धांचा त्यांत समावेश झाला, पण ख्रिस्ती झालेल्या दलितांचा झाला नाहीं. बेथेलसारख्या गांवांच्या वंशजांना, गांवकुसाबाहेरचें जिणें तेंच असतां, कायद्याच्या कागदावर निराळा रकाना मिळाला. अशा मनुष्याला राष्ट्रनिष्ठेचा दाखला मागण्यापूर्वीं आपण त्याला कोणत्या शब्दानें हांक मारली, हें आठवावें हें बरें.

मग दार बंद असतांनाच, कोणी आंत घेण्याची वाट न पाहतां, जो 'आपण' म्हणतो त्याचें काय? मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा खरा मोठेपणा येथें सुरू होतो, आणि तो पंडिता रमाबाईंपासून होतो.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकांतून कळलेला नव्हता. तरुणपणीं दक्षिणेंत उपासमार सोसून त्यांचे आईवडील गेले होते. १८८३ सालीं इंग्लंडांत त्या ख्रिस्ती झाल्या, १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें, त्याच वर्षीं मुंबईच्या राष्ट्रीय सभेलाही त्या प्रतिनिधि म्हणून गेल्या. पुढें सदन पुण्यास आलें, आणि १८९३ सालीं मुलींच्या धर्मांतराच्या वादावरून रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनींही त्यांची साथ सोडली. वृत्तपत्रांनीं आग पाखडली. या क्षणीं त्यांनीं स्वतःपुरतें एखादें बेथेल वसवून पुण्याकडे पाठ फिरविली असती, तर कोणी नवल केलें नसतें.

चार वर्षांनीं पुण्यांत प्लेग आला. घरांची तपासणी, माणसांची धरपकड, सोजिरांचा उपद्रव यांनीं शहर हैराण झालें. त्या प्रसंगाला तिघांनीं दिलेलीं तीन उत्तरें इतिहासांत नोंदलेलीं आहेत. चापेकर बंधूंनीं २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली. लोकमान्यांनीं 'केसरी'तून लिहिलें आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. या दोन्हींच्या आधीं, मे महिन्यांत, रमाबाईंनीं 'बाँबे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकांत पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळांत व छावणींत स्त्रियांची कशी हेळसांड होते हें उघड केलें. मुंबईच्या गव्हर्नरांनीं त्यांचें म्हणणें साफ नाकारलें; रमाबाई मागें हटल्या नाहींत. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत पहिलीं दोन उत्तरें असतात. तिसरें बहुधा नसतें.

टीकाकाराच्या दृष्टीनें मात्र हें तिसरें उत्तर फार बोधप्रद आहे. पत्र कोणत्या पत्रांत लिहिलें याकडे लक्ष द्यावें. पुण्याच्या जनतेची शाबासकी हवी असती तर दुसरीं पत्रें होतीं. रमाबाईंनीं आपल्या धर्माच्या राज्यकर्त्यांना, आपल्या धर्माच्या पत्रांत, आपल्या धर्माच्या वाचकांसमोर दोष दिला. आणि तोही ज्या शहरानें त्यांना टाकलें होतें त्या शहराच्या स्त्रियांसाठीं. स्वधर्मीयांचें अपयश परक्यांपुढें मांडणें सोपें असतें, परक्यांचें अपयश स्वधर्मीयांपुढें मांडणें त्याहून सोपें; स्वधर्मीयांचें अपयश स्वधर्मीयांच्याच तोंडावर मांडणें कठीण. बायबलांतील संदेष्ट्यांची परंपरा हीच आहे. यिर्मयानें यरुशलेमाचे दोष यरुशलेमांत सांगितले आणि त्याबद्दल कैद सोसली. रमाबाईंच्या पत्राची जात ती आहे.

येथें आक्षेपाची बाजूही पाहिली पाहिजे. १८९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून सुमारें ३०० मुली आणल्या, १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी आणल्या, आणि केडगांवच्या मुक्तिसदनांत सुमारें २,००० माणसें झालीं. त्यांतील पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या. भुकेल्याच्या ताटाशेजारीं धर्म ठेवणें योग्य कीं अयोग्य? हा आक्षेप केवळ द्वेषमूलक म्हणून झटकून टाकणें बरोबर नाहीं. ज्याला पोटानें बांधलें आहे त्याची संमति पूर्णपणें मोकळी नसते, आणि ही गोष्ट ख्रिस्ती माणसानेंच आधीं मान्य केली पाहिजे. कारण त्याच्या धर्माचा आधार श्रद्धा आहे, आणि श्रद्धा विकत घेतां येत नाहीं. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनींही एका प्रश्नाचें उत्तर द्यावें. त्या मुली रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतांना त्यांना उचलण्यासाठीं किती बैलगाड्या पुण्याहून निघाल्या? रमाबाईंच्या कार्याची मर्यादा दाखविण्याचा अधिकार त्या रस्त्यावर गेलेल्यालाच पुरतेपणीं पोंचतो.

शिवाय त्यांच्या अखेरच्या ग्रंथकार्याकडे पाहिलें म्हणजे त्यांचा 'आपण' कसा होता हें ध्यानीं येतें. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनीं सगळ्या बायबलाचें भाषांतर केलें. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १९२४ सालीं, तें केडगांवच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. तें भाषांतर पंडितांसाठीं नव्हतें. दुष्काळांतून आलेल्या, नुकतीं अक्षरें शिकलेल्या बायांना कळावें म्हणून संस्कृत शब्दांचा सोस सोडून त्यांनीं साधी मराठी वापरली. जिला लहानपणापासून भागवत मुखोद्गत होतें आणि कलकत्त्याच्या पंडितांनीं जिला सरस्वती म्हटलें, तिनें आपली विद्वत्ता अशी उतरवून ठेवावी, याला आम्ही त्यांच्या वाङ्मयांतील सर्वांत मोठा त्याग समजतों. वाङ्मय म्हणून त्या भाषांतरांत खडबडीतपणा आहे. पण तो खडबडीतपणा सोबतीनें चालणाऱ्याच्या पावलाचा आहे.

कवि नारायण वामन टिळक यांच्याविषयीं निर्णय थोडा जपून दिला पाहिजे. ते १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक होते, आणि १९१९ सालीं वारले. त्यांच्या देशभक्तिपर कवितांचें कौतुक ख्रिस्ती व्यासपीठांवर आजही होतें. आमच्या मतें या कविता त्यांच्या उत्तम कवितांत बसत नाहींत. त्यांत देशावरचें प्रेम खरें आहे, पण तें सिद्ध करण्याची घाई आहे. संशयितानें न्यायाधीशापुढें उभें राहून बोलावें तसा त्यांचा स्वर चढतो. याउलट त्यांचे अभंग पाहावे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों असें ते सांगत, आणि अभंगांत त्यांनीं तो पूल मागें मोडून टाकला नाहीं. अभंग लिहिणें म्हणजेच वारकऱ्याच्या शेजारीं उभें राहणें होय. तेथें देशप्रेमाचा उच्चार करावा लागत नाहीं, टाळांच्या तालावर तें आपोआप येतें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्या दरबारांत जागा होती. दरबार फार काळ टिकला नाहीं. पण ख्रिस्तनिष्ठा कमी न करतां 'आपण'ची मर्यादा किती रुंद करतां येते, याचा तो प्रयोग होता. आणि कवितेंत जें साधलें नव्हतें तें आयुष्यांत साधण्याची ती धडपड होती.

या सर्वांत वाङ्मय म्हणून श्रेष्ठ ठरतें तें लक्ष्मीबाई टिळकांचें 'स्मृतिचित्रें'. १९३४ पासून तें भागाभागांनीं बाहेर आलें, आणि मराठी घरांत त्यानें जें स्थान मिळविलें तें कोणाच्या शिफारशीनें नव्हे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हां या बाईवर आकाश कोसळलें होतें. १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पुष्कळ झगडल्यावर. जातिभेद मनांतून गेला तो त्याआधींच, आणि तोही कोणाच्या प्रवचनानें नव्हे, स्वतःच्या विचारानें. दुष्काळ व प्लेग या पुस्तकांत आहेत. पण ते मथळ्याचीं संकटें म्हणून येत नाहींत. घरांत भर पडणारीं परकीं मुलें, आजाऱ्यांची उठाठेव, रिकामे डबे आणि नवऱ्याची बेहिशेबी औदार्यवृत्ति यांच्या रूपानें ते स्वयंपाकघरापर्यंत येतात, आणि बाई कपाळाला हात लावून, हंसून, पुन्हां चूल पेटवितात. राष्ट्र हा शब्द त्यांना फारसा लागत नाहीं. राष्ट्र दारांत येऊन जेवायला मागतें, आणि त्या पान वाढतात.

'स्मृतिचित्रें' वाचतांना हिंदु वाचकाला आपण परक्या धर्माच्या बाईचें पुस्तक वाचतों असें वाटत नाहीं, याचें कारण लक्ष्मीबाईंनीं आपली श्रद्धा लपविली हें नव्हे. ती पानोपानीं आहे. कारण असें कीं, त्यांनीं वाचकाकडून दाखला मागितला नाहीं आणि त्याला दाखला दिलाही नाहीं. त्यांच्या विनोदाचा पहिला बळी त्या स्वतः असतात, दुसरा नवरा, आणि मिशनची मंडळी तिसरी. ज्याला स्वतःवर हंसतां येतें त्याच्याविषयीं संशय टिकत नाहीं. रमाबाईंनीं जें धैर्यानें साधलें तें लक्ष्मीबाईंनीं मोकळेपणानें साधलें.

येथें एका गोष्टीचा खुलासा करणें अवश्य आहे. ख्रिस्ती मंडळी रोज म्हणतात ती प्रभूची प्रार्थना 'आमच्या' पित्याला उद्देशून आहे. 'आपल्या' पित्याला नव्हे. मग 'आम्ही' हाच त्यांच्या धर्माचा शब्द नव्हे काय, असें कोणी विचारील. व्याकरणानेंच याचें उत्तर दिलें आहे. 'आम्ही' म्हटल्यावर बाहेर राहतो तो ज्याच्याशीं बोलणें चाललें आहे तो. प्रार्थनेंत बोलणें देवाशीं आहे. म्हणून त्या 'आम्ही'बाहेर एक देव तेवढा राहतो, शेजारी राहत नाहीं. त्याच प्रार्थनेंत रोजची भाकर मागितली आहे, तीही 'मला' नव्हे, 'आम्हांला'. दुष्काळाच्या वर्षीं हें वाक्य म्हणणाऱ्याला त्या 'आम्हां'मध्यें वेशीबाहेरचा उपाशी मनुष्य मोजावाच लागतो. देवापुढें 'आम्ही' म्हणणें आणि माणसांपुढें 'आपण' म्हणणें हीं एकाच वृत्तीचीं दोन रूपें आहेत. देवळांत म्हटलेलें 'आम्ही' देवळाबाहेर पडल्यावरही तसेंच राहिलें, म्हणजे त्याचें बेथेल होतें. त्याचें 'आपण' झालें, म्हणजे त्याचें 'स्मृतिचित्रें' होतें.

ही परंपरा जुन्या मंडळींबरोबर संपली असें समजण्याचें कारण नाहीं. १९२० पूर्वींच्या लेखकांना सहानुभूति देणें सोपें असतें. ते आपल्याला अडचणींत टाकावयास येत नाहींत. म्हणून अलीकडचें एक उदाहरण मराठवाड्यांतीलच घेऊं. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें, म्हणजे आतांच्या धाराशिवांत, ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो. केवळ त्यांच्या धर्मावरून त्यांच्या निवडीला कांहीं मंडळींनीं विरोध केला होता. ज्यानें 'सुवार्ता' मासिकाचें संपादन वर्षानुवर्षें केलें, बायबल सुबोध मराठींत आणलें, वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची धाड आली तेव्हां हिंदु व ख्रिस्ती शेतकऱ्यांना एकत्र आणून 'हरित वसई'ची चळवळ उभी केली, त्यालाही अखेर पुन्हां दारांतच अडवून नांवगांव विचारण्यांत आलें. दिब्रिटो आजारी असतांना धाराशिवास आले आणि त्यांनीं अध्यक्षपद भूषविलें. २०२४ च्या जुलैंत ते वारले. त्यांच्या आत्मचरित्राचें नांव 'नाही मी एकला'. सोबतीची ही जाणीव त्या नांवांत आहे; आणि गांवची जमीन व विहिरींचें पाणी राखण्यासाठीं ज्यानें आपल्या मंडळीबाहेरच्या माणसांचा हात धरला, त्याला हें नांव शोभतेंही.

यावरून मूळ प्रश्नाविषयीं जें दिसतें तें असें. राष्ट्राच्या संकटांत ख्रिस्ती मनुष्याचें प्रामाणिक वागणें तीन गोष्टींत दिसतें. आपल्याच धर्माचा बलवान मनुष्य चुकत असेल तर त्याला तसें सांगणें, ही पहिली. तें रमाबाईंनीं केलें. ज्याला कोणी रकाना देत नाहीं त्याला आपला रकाना देणें, ही दुसरी. तें 'ज्ञानोदया'नें एका मांग मुलीसाठीं केलें. आणि दाखला न देतां, न मागतां, लोकांच्या दुःखाचा आपल्या घरांत हिशेब करणें, ही तिसरी. तें लक्ष्मीबाईंनीं केलें. मोठ्यानें म्हटलेल्या देशगीतांची गरज या तिघींपैकीं कोणालाही पडली नाहीं. यांतील एकही गोष्ट ख्रिस्ती माणसापुरती राखून ठेवलेली नाहीं, हेंही उघड आहे.

राहिली वाचकाची बाजू. आपल्या सुशिक्षित घरांत 'स्मृतिचित्रें' असतें. त्याच्या शेजारीं मुक्ताबाईचा निबंध, रमाबाईंचीं पत्रें, दिब्रिटोंचें आत्मचरित्र हीं असतातच असें नाहीं. ग्रंथालयांतही हीं पुस्तकें 'ख्रिस्ती वाङ्मय' अशा निराळ्या कपाटांत सांपडतात, जणूं काय तीं मराठींत लिहिलेलीं नसून मराठींत केवळ छापलेलीं आहेत. बेथेलच्या नातवंडांनीं आतां आपलीं स्मृतिचित्रें लिहावींत, अशी या मराठवाड्याला अपेक्षा आहे. १९४८ च्या धामधुमीच्या, १९७२ च्या दुष्काळाच्या, आणि कायद्याच्या निराळ्या रकान्यांत काढलेल्या आयुष्याच्या गोष्टी त्यांच्याजवळ आहेत. तीं पुस्तकें येतील तेव्हां त्यांना कोणत्या कपाटांत ठेवावयाचें, हें ठरविणारे आपण आहों. मराठींत 'आपण' हा शब्द आदरानें दुसऱ्याला हांक मारण्यासाठींही वापरतात, हें त्या वेळीं ध्यानांत असावें.